डोकं कुठल्या बाजूला?

शनिवारची सकाळ, सहा चाळीस. आठवडाभराची झोप वसूल करायची हीच काय ती वेळ, आणि उशाशी फोन टुणकन वाजला. आईचा मेसेज. निवृत्त झाल्यापासून आईकडून येणाऱ्या गोष्टी साधारण तीन प्रकारच्या असतात: सुप्रभातवाली फुलं, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका, आणि खाली फक्त "बघ" असं लिहिलेला एखादा व्हिडिओ. हा तिसऱ्या प्रकारातला होता.

अर्ध्या मिनिटाचा, करडा. एक लांबट अंडं, मायक्रोस्कोपखाली. आधी नुसता दाण्यादाण्यांचा लगदा. मग त्याचा पृष्ठभाग थरथरायला लागतो, सुरकुत्या पडतात. मग एका टोकाकडची थरथर थांबते, दुसऱ्या टोकाकडची चालूच राहते. आत दोन गोल एकमेकांकडे सरकतात, भेटतात. आणि शेवटी बरोब्बर मध्ये नाही, जरा एका बाजूला चीर पडून अंड्याच्या दोन पेशी होतात. एक मोठी, एक छोटी. बास. खाली आईचा प्रश्न: "मोठी पेशी डोक्याकडची म्हणे. पण डोकं कुठल्या बाजूला हे त्याला कळतं कसं रे?"

माझी आई सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवायची. तिला "माहीत नाही" चालतं, पण थाप चालत नाही. मी झोपेत थाप मारली. "डीएनएमध्ये लिहिलेलं असतं", असं पाठवून पांघरूण ओढलं.

दोन मिनिटांत उत्तर: "डीएनए दोन्ही टोकांसाठी एकच ना? मग टोकं वेगळी कशी झाली?"

गेली झोप!

मंडळी, इथे एक कबुलीजबाब द्यायला हवा. माझा जीवशास्त्राशी संबंध दहावीला संपला. अकरावी सायन्सला आपल्याकडे जीवशास्त्र सोडून त्याजागी बायफोकल घ्यायची सोय असते. मी बायफोकल इलेक्ट्रॉनिक्स घेतलं. का? तर फॉर्म द्यायच्या दिवशी माझा शाळेतला जिगरी दोस्त त्या रांगेत उभा होता आणि ती रांग छोटी होती. खरंच, एवढंच कारण. आईच्या मनात मी जीवशास्त्र घ्यावं असं होतं. मी फॉर्म भरून घरी आणला, पालकांच्या सहीच्या जागी बोट ठेवलं, तिने सही केली. ती काही बोलली नाही आणि मीही काही विचारलं नाही. पुढे इंजिनिअरिंग, पुण्यात नोकरी, हिंजवडीचा ट्रॅफिक, सगळं ओळीने आलं. पण आईने असा काही प्रश्न विचारला की ते सहीवालं बोट अजून आठवतं.

त्यामुळे या शनिवार-रविवारी मी घरात बसून फक्त एका जंताचं अंडं वाचून काढलं. जे कळलं ते लिहितो.

जंत म्हणजे पोटातला नव्हे. हा मातीत, कुजलेल्या फळांत राहणारा, बॅक्टेरिया खाणारा, साधारण एक मिलिमीटर लांबीचा गोलकृमी. नाव सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स, लाडाने सी. एलिगन्स. १९६३ साली केंब्रिजमध्ये सिडनी ब्रेनर यांनी ठरवलं की प्राणी कसा घडतो हे समजून घ्यायला हा किडा उत्तम. का? तीन-चार दिवसांत पिढी तयार होते, आणि मुख्य म्हणजे तो पारदर्शक आहे, जिवंत असताना आतलं सगळं दिसतं. प्रौढ उभयलिंगी कृमीच्या शरीरात, प्रजननाच्या पेशी सोडून, ९५९ पेशी असतात. अंदाजे नव्हे, मोजून ९५९. जॉन सल्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावून अंड्यापासून प्रत्येक पेशीची वंशावळ लिहून काढली. गर्भावस्थेतली वंशावळ १९८३ साली छापून आली. ब्रेनर, सल्स्टन आणि रॉबर्ट हॉर्विट्झ यांना २००२ साली नोबेल मिळालं. हे वाचताना मला आमच्या प्रोजेक्टचं डॉक्युमेंटेशन आठवून लाज वाटली. असो.

त्या वंशावळीच्या सगळ्यात वर आहे आईने पाठवलेला व्हिडिओ. पहिलं विभाजन. पुढची मोठी पेशी म्हणजे एबी, मागची छोटी म्हणजे पी-१. वाटणी साधारण साठ-चाळीस. एबीपासून मज्जासंस्थेचा आणि त्वचेचा बराचसा भाग होतो. पी-१ पासून आतड्याच्या सगळ्या २० पेशी, बरेचसे स्नायू, आणि पुढची पिढी घडवणाऱ्या प्रजननपेशी. म्हणजे एक पेशी असतानाच डोकं-शेपूट ठरलेलं असतं. आता आईचा प्रश्न पुन्हा बघा. सगळीकडे सारखं असलेलं एक अंडं आहे, त्याची दोन टोकं वेगळी कशी होणार?

आमच्या धंद्यात या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. समजा गोल बसलेले दहा कॉम्प्युटर आहेत. सगळ्यांवर हुबेहूब सारखा प्रोग्रॅम, सारखी सुरुवात, कुणालाही नाव-नंबर नाही. त्यांना आपल्यातला एक पुढारी निवडायचाय. जमेल? नाही जमणार. १९८० साली डॅना अँगलुइन यांनी हे गणिताने दाखवलं. कारण सरळ आहे: सगळे सारखे असतील तर एक जण जे करेल तेच सगळे करणार. "मी पुढारी" म्हणाले तर दहाही म्हणणार. यातून सुटायचं तर कुठून तरी फरक आणावा लागतो. एक तर नंबर द्या, नाहीतर नाणं उडवा.

फळमाशीमध्ये आई नंबर देते. अंडं तयार होतानाच त्याच्या पुढच्या टोकाला ती एक विशिष्ट निरोप चिकटवून ठेवते, इकडे डोकं. या कृमीची आई तसं काही करत नाही. मग नाणं कोण उडवतं?

शुक्राणू!

१९९६ साली बॉब गोल्डस्टीन आणि स्टीव्हन हर्ड यांनी हे दाखवलं. शुक्राणू ज्या टोकाने शिरतो ते टोक होतं शेपटीचं. सहसा तो एकाच ठरावीक टोकाने शिरतो, त्यामुळे आधी शंका घ्यायला जागा होती की ते टोक मुळातच शेपटीचं असेल, शुक्राणूचा काही संबंध नसेल. पण काही अंड्यांत शुक्राणू उलट टोकाने शिरला, आणि तिथे डोकं-शेपूटही उलटं झालं. म्हणजे अंड्याला स्वतःला काही फरक पडत नव्हता. पाहुणा ज्या दाराने आला ते मागचं दार.

पण नुसता शिरला म्हणून काय झालं? एक मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढं अंडं असलं तरी शुक्राणूच्या मानाने ते मैदानच. एका कोपऱ्यातली बातमी सगळीकडे कशी पोचते?

अंड्याच्या पडद्याच्या आतून एक जाळीदार थर असतो. ॲक्टिन आणि मायोसिन, म्हणजे आपल्या स्नायूंतलीच ही जोडी. हा थर सगळीकडून सारखा ताणलेला असतो, म्हणून तो व्हिडिओत थरथरताना दिसतो. शुक्राणू आपल्यासोबत सेंट्रोसोम नावाचा एक ठिपका आणतो. तो पडद्याजवळ असतो तिथे थराला आकसायला लावणारं प्रथिन कमी होतं, आणि तेवढ्याच जागी ताण सैल पडतो. आता चौघांनी चार कोपरे धरून चादर ताणली आहे अशी कल्पना करा. एकाने हात सोडला तर काय होईल? चादर त्याच्यापासून लांब, समोरच्याकडे खेचली जाईल. अगदी तेच. तो अख्खा थर मागून पुढे वाहायला लागतो. २००४ साली एड मन्रो, जेरेमी नान्स आणि जेम्स प्रीस यांनी या प्रवाहाचं काम उलगडून दाखवलं.

आणि या चादरीवर बसलेले असतात आपले खरे नायक, पार प्रथिनं.

ही गोष्ट केन केम्फ्यूज यांची. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली काही जनुकं शोधली. ती बिघडली की पहिलं विभाजनच चुकतं. दोन्ही पेशी सारख्या आकाराच्या होतात, पुढे एकाच वेळी विभागतात, आणि गर्भ मरतो. पेशीतल्या मालाची वाटणीच नीट होत नाही, म्हणून 'वाटणीत गफलत' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून नाव ठेवलं पार. (मराठीत तर पार वाट लागली म्हणूनही चालेल.) अशी सहा जनुकं आहेत, पार-१ ते पार-६.

यांचे दोन कंपू आहेत. पार-३, पार-६ आणि त्यांच्याबरोबर पीकेसी-३ नावाचं एन्झाइम, हा पुढचा कंपू. पार-१ आणि पार-२, हा मागचा. सुरुवातीला पुढचा कंपू पडद्यावर सगळीकडे बसलेला असतो आणि मागच्यांना बसायला जागाच नसते. पीकेसी-३ त्यांच्यावर फॉस्फेटचा शिक्का मारतं आणि शिक्का बसला की पडद्यावरची पकड सुटते. मग चादर पुढे वाहते, कंडक्टरने "पुढे चला, पुढे चला" म्हणावं तसा पुढचा कंपू खरंच पुढे जातो, मागे जागा रिकामी होते आणि पार-२ तिथे बूड टेकतं. ते पार-१ ला बोलावून घेतं. आता पार-१ उलट शिक्के मारायला लागतं, पार-३ वर. म्हणजे पुढचे मागे येऊ शकत नाहीत, मागचे पुढे जाऊ शकत नाहीत. दोघेही एकमेकांना हाकलताहेत, आणि सीमारेषा अंड्याच्या मध्याजवळ येऊन ठरते.

हे वाचताना मी खुर्चीतून उठलो. अहो, हा लॅच आहे! बायफोकलला अकरावीत पहिल्या महिन्यात शिकलेला. दोन गेट, प्रत्येकाचं आउटपुट दुसऱ्याला दाबून ठेवतं. क्षणभर एका बाजूला टिचकी मारा, पलटी होतो, आणि टिचकी काढून घेतली तरी तसाच राहतो. एका बिटची स्मरणशक्ती. सेंट्रोसोम म्हणजे ती टिचकी, नंतर तो पडद्यापासून दूर गेला तरी काम झालेलं असतं.

पुढचं काम मग भराभर होतं. पार-१ मुळे पेशीच्या आतला मालही विभागला जातो. पी ग्रॅन्यूल नावाचे थेंब असतात, प्रजननपेशींच्या वाट्याला जाणारे. ते पुढच्या बाजूला विरघळतात आणि मागच्या बाजूला पुन्हा जमतात, दव जमावं तसे. हे २००९ साली कळलं, आणि पेशीतल्या गोष्टी थेंबांसारख्या वागतात या कल्पनेने त्यानंतर जीवशास्त्रात मोठी जागा घेतली. विभाजनाचा सांगाडाही मागे जास्त जोराने खेचला जातो, म्हणून चीर मध्यभागी न पडता मागे सरकते आणि पेशी लहान-मोठ्या होतात. फलन झाल्यापासून इथपर्यंत पाऊण तासाच्या आसपास. आमचं बिल्ड याहून जास्त वेळ घेतं.

रविवारी दुपारपर्यंत मी खूश होतो. आईला सांगायचं उत्तर तयार: शुक्राणू नाणं उडवतो, लॅच ते लक्षात ठेवतो. मग अजून थोडं वाचलं आणि उत्तर बदललं.

आधी हे कळलं की टिचकी मारायचे रस्ते दोन आहेत. चादर वाहिलीच नाही तरी सेंट्रोसोममधून निघणारे सूक्ष्मनलिकांचे धागे आजूबाजूच्या पार-२ ला पीकेसी-३ च्या शिक्क्यापासून वाचवतात, आणि उशिराने का होईना, मागचं टोक तयार होतं. २०११ सालचं काम. एक रस्ता बंद तर दुसरा चालू. आम्ही याला बॅकअप म्हणतो, आणि तो चालतो की नाही हे बंद पडल्यावरच बघतो.

खरा धक्का पुढे होता. सेंट्रोसोमवर ऑरोरा-ए नावाचं एक एन्झाइम असतं. ताण सैल करायचं काम मुख्यतः त्याचं. ते काढून टाकलं तर काय होईल? माझा अंदाज: टिचकी नाही, मग लॅच पलटणार नाही, अंडं दोन्हीकडे सारखंच राहील. २०१९ च्या सुमारास काही गटांनी जवळजवळ एकाच वेळी हे तपासलं. त्यातला एक आपल्या बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतला, सुकृती कपूर आणि सचिन कोटक यांचा. निकाल माझ्या अंदाजाच्या उलटा. अंडं गप्प बसत नाही. बऱ्याच अंड्यांमध्ये पार-२ दोन्ही टोकांना जाऊन बसतं. दोन शेपट्या!

हे मी भोगलंय, मंडळी. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे डेटाबेसच्या दोन मशीनमधला संपर्क रात्री काही मिनिटं तुटला. दोघांनाही वाटलं दुसरा मेला, आणि दोघेही स्वतःला मुख्य समजून नोंदी घ्यायला लागले. चूक माझ्या सेटिंगची होती. त्या नोंदी जुळवण्यात तीन रात्री गेल्या. मशीन कमी पडलं म्हणून हे घडलं नव्हतं. दोन्ही मशीन पुढारी व्हायला पूर्ण तयार होती, म्हणूनच घडलं.

अंड्याचंही तसंच दिसतंय. डोकं-शेपूट करायची तयारी त्याच्यात आधीपासूनच असते, इतकी की कुणी सांगितलं नाही तर ते आपलं आपण सुरू करतं, फक्त चुकीचं, दोन्हीकडून. शुक्राणूने आणलेला ठिपका ती तयारी देत नाही. तो फक्त सांगतो की इथे, आणि एकाच जागी.

आणि ही तयारी कुठून येते? आईकडून. पार प्रथिनं, ती जाळी, ते एन्झाइम, पहिल्या पाऊण तासात लागणारं जवळजवळ सगळं सामान आईने अंड्यात भरून ठेवलेलं असतं. गर्भाची स्वतःची जनुकं तेव्हा अजून कामालाही लागलेली नसतात. म्हणून तर केम्फ्यूज यांना ही जनुकं सापडली ती एका विचित्र खुणेवरून: जनुक बिघडलेली कृमी स्वतः धडधाकट वाढते, कारण तिच्या आईने तिला सामान दिलेलं असतं. पण ती स्वतःच्या अंड्यांना काही देऊ शकत नाही, आणि तिची अंडी मरतात. बिघाड एका पिढीत, परिणाम पुढच्या पिढीत. आणि ही जनुकं फक्त जंताची नाहीत. यांचे भाऊबंद आपल्यातही आहेत. आपल्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींची वरची बाजू कुठली आणि खालची कुठली, हे ठरवण्यात त्यांचाच हात असतो.

रविवारी रात्री आईला फोन लावला. अर्धा तास बोललो. चादर, कंडक्टर, लॅच, सगळं. ती मध्ये मध्ये "हं" म्हणत होती, वर्गात एखादा पोरगा फळ्यापाशी उत्तर देत असला की म्हणते तसं. शेवटी म्हणाली, "म्हणजे टोक कुठलं, हे योगायोगाने. पण दोन टोकं व्हायची, हे आधीचं."

"हो."

"हे मी नववीला असं शिकवलं असतं तर बरं झालं असतं."

थोडा वेळ दोघंही गप्प. आणि मग कसं काय कोण जाणे, मी विचारून टाकलं. "आई, मी जीवशास्त्र सोडलं तेव्हा तुला राग आला होता का?"

"आला होता की. मे महिन्यातच अकरावीचं पुस्तक आणून ठेवलं होतं मी, कव्हर घालून. तू सहीला बोट ठेवलंस, विचारलंसुद्धा नाहीस."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? दोन दिवस राग होता. मग ते पुस्तक शेजारच्या पोरीला दिलं आणि तुझ्या क्लासच्या फीचं बघायला लागले. अभ्यासाला बसायची सवय होतीच तुला, कुठल्या का विषयाला बसेनास. ती काही त्या रांगेत नव्हती मिळाली."

मला यावर काही सुचलं नाही. इतकी वर्षं मी समजत होतो की ती छोटी रांगच सगळं ठरवून गेली. कधी त्याचं कौतुक वाटायचं, कधी चुटपुट. ती रांग होती, हे खरंच आहे. पण पहाटे पाचला चहा करून समोर बसणारी, चुकलेलं गणित न सांगता नुसतं बोटाने दाखवणारी बाई या हिशोबात मी कधी धरलीच नव्हती. माणसाचं आयुष्य म्हणजे जंताचं अंडं नव्हे, आपल्याला पाऊण तासाहून जास्त वेळ मिळतो, एवढं मलाही कळतं. तरी हिशोब दुरुस्त करायला हवा होता.

फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "आणि ती दोन शेपट्यांची गोष्ट लिहून पाठव मला. मराठीत. शेजारची ती पोरगी आता बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते, तिला देईन."

म्हणून हे लिहिलंय. आई, चुका काढून पाठव. बाकी मंडळी, उद्या सोमवार आहे, झोपायला हवं.